वैज्ञानिक संस्थेतील निर्वाचित अध्यक्षपद : अधिकार, मर्यादा आणि उत्तरदायित्व

प्रस्तावना

विज्ञानातील प्रश्नांचा निर्णय मतदानाने होत नाही. वैज्ञानिकांच्या संस्था मात्र मतदानानेच चालतात. सदस्यांची निवड, कार्यकारी मंडळाची रचना, पदकांचे मानकरी आणि या सर्वांच्या शिरोभागी असलेला अध्यक्ष यांची निश्चिती कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या निवडणुकीतून होते. ज्या क्षेत्रात बहुमताला पुराव्याची जागा घेता येत नाही, त्या क्षेत्रातील संस्थेने बहुमताने निवडलेल्या व्यक्तीला नेमका कशाचा अधिकार प्राप्त होतो, हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

मराठी वाचकाला अध्यक्षपदाचे दोन प्रकार चांगले परिचित आहेत. साहित्य संमेलनाचा अध्यक्ष आणि साहित्य महामंडळाचा अध्यक्ष यांतील भेद त्याला समजावून सांगावा लागत नाही. पहिले पद सन्मानाचे व भाषणाचे, तर दुसरे कारभाराचे. वैज्ञानिक संस्थांतही हे दोन्ही प्रकार आढळतात. परंतु तेथे त्यांचे परिणाम अधिक दूरगामी असतात, कारण वैज्ञानिक संस्थेच्या व्यासपीठावरून जे मांडले जाते त्याला समाज 'प्रमाणित ज्ञान' म्हणून स्वीकारतो. प्रस्तुत लेखात लंडनची रॉयल सोसायटी, तिच्यावरील असंतोषातून उभी राहिलेली ब्रिटिश असोसिएशन आणि या दोन परंपरांचा वारसा घेतलेल्या भारतीय संस्था यांच्या इतिहासाच्या आधारे निर्वाचित अध्यक्षाच्या भूमिकेची चिकित्सा केली आहे. वैज्ञानिक संस्थेचा अध्यक्ष ज्ञानाचा निर्णायक नसतो. ज्ञानाची परीक्षा ज्या पद्धतीने होते त्या पद्धतीचा तो रक्षक असतो, आणि हे रक्षण त्याने बाहेरच्या दडपणापासून जितके करावयाचे तितकेच स्वतःच्या प्रभावापासूनही करावयाचे असते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सनद आणि बोधवाक्य यांतील ताण

२८ नोव्हेंबर १६६० रोजी लंडनच्या ग्रेशम कॉलेजमध्ये क्रिस्टोफर रेन यांच्या व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींनी प्रयोगाधिष्ठित ज्ञानाच्या वृद्धीसाठी एक मंडळ स्थापण्याचे ठरविले. १६६२ आणि १६६३ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने दिलेल्या सनदांनी या मंडळाला रॉयल सोसायटी हे नाव आणि कायदेशीर स्वरूप प्राप्त झाले. लॉर्ड ब्राउंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होत. सनदेने २१ जणांचे कार्यकारी मंडळ निर्माण केले, त्यातील दहा जण दरवर्षी बदलावेत अशी तरतूद केली आणि वार्षिक निवडणुकीसाठी सेंट अँड्र्यूचा दिवस, म्हणजे ३० नोव्हेंबर, मुक्रर केला.

याच संस्थेने 'कोणाच्याही शब्दावर विसंबू नये' या आशयाचे लॅटिन बोधवाक्य स्वीकारले. अ‍ॅरिस्टॉटलच्या किंवा अन्य कोणा आचार्याच्या वचनाला प्रमाण न मानता प्रयोगाने तपासून पाहावे, हा त्याचा अर्थ. एकीकडे सर्वोच्च पद निर्माण करावयाचे आणि दुसरीकडे कोणाचेही वचन प्रमाण मानावयाचे नाही, असा हा ताण आहे. संस्थेच्या पुढील साडेतीन शतकांच्या इतिहासात अध्यक्षपदाविषयी जे वाद झाले, त्यांतील बहुतेकांचे मूळ या ताणात सापडते. सनदेने कार्यकारी मंडळाच्या जवळजवळ निम्म्या सदस्यांना दरवर्षी बदलण्याची सक्ती केली. अध्यक्षाच्या बाबतीत मात्र तशी कोणतीही मर्यादा घातली नाही. त्याने दरवर्षी निवडून यावे इतकीच अपेक्षा होती. ही त्रुटी किरकोळ नव्हती, हे पुढे स्पष्ट झाले.

न्यूटन : वादी आणि न्यायाधीश

आयझॅक न्यूटन ३० नोव्हेंबर १७०३ रोजी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि १७२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत दरवर्षी फेरनिवडून येत राहिले. त्यांच्यापूर्वीचे चार्ल्स माँटेग्यू आणि लॉर्ड सॉमर्स हे राजकारणात गुंतलेले होते. त्यांच्या तुलनेत न्यूटन सभांना नियमितपणे उपस्थित राहत, सभांना शिस्त लावत आणि संस्थेच्या कारभारात लक्ष घालत. १७१० मध्ये क्रेन कोर्ट येथे संस्थेला स्वतःची वास्तू मिळाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत. संस्थेला स्थैर्य देणारा अध्यक्ष म्हणून त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही.

याच काळात कलनशास्त्राचा शोध प्रथम कोणी लावला यावरून न्यूटन आणि लायब्नित्स यांच्यातील वाद विकोपाला गेला. लायब्नित्स १६७३ पासून रॉयल सोसायटीचे सदस्य होते. सदस्य या नात्याने त्यांनी आपल्यावरील आरोपाबद्दल संस्थेकडे दाद मागितली. १७१२ मध्ये संस्थेने एक समिती नेमली. समितीने लायब्नित्स यांचे म्हणणे मागविले नाही आणि काही आठवड्यांतच न्यूटन यांच्या बाजूने अहवाल दिला. त्या अहवालाचे लेखन प्रत्यक्षात न्यूटन यांनीच केले होते, हे त्यांच्या हस्तलिखितांवरून सिद्ध झाले आहे. अहवाल व संबंधित पत्रव्यवहार संस्थेच्या नावाने प्रसिद्ध झाला आणि १७१५ मध्ये संस्थेच्याच नियतकालिकात त्या ग्रंथाचे अनामिक परीक्षणही न्यूटन यांनीच लिहिले.

आज इतिहासकार दोघांनीही कलनशास्त्र स्वतंत्रपणे विकसित केले असे मानतात. न्यूटन यांची विचारप्रक्रिया आधीची होती आणि लायब्नित्स यांचे प्रकाशन आधीचे होते. म्हणजे न्यूटन यांच्या दाव्याचा काही भाग खराही होता. तथापि या प्रकरणातील दोष दाव्याच्या खरेखोटेपणात नाही. वादी, न्यायाधीश, निकालपत्राचा लेखक आणि निकालाचा समीक्षक या चारही भूमिका एकाच व्यक्तीने बजावल्या, आणि अध्यक्षपदामुळेच ते शक्य झाले. सदस्यांनी न्यूटन यांना निवडून दिले होते ते संस्थेच्या कारभारासाठी. त्या मताचा उपयोग एका वैज्ञानिक वादातील पुराव्यासारखा केला गेला.

ग्रिनिच वेधशाळेचे राजज्योतिषी जॉन फ्लॅमस्टीड यांच्या बाबतीतही याच प्रवृत्तीचा प्रत्यय येतो. १७१० च्या राजाज्ञेने वेधशाळेवर देखरेख करण्याचे काम रॉयल सोसायटीच्या अध्यक्षाकडे व त्याच्या सहकाऱ्यांकडे आले. फ्लॅमस्टीड यांची निरीक्षणे त्यांच्या इच्छेविरुद्ध १७१२ मध्ये छापली गेली. पुढे उरलेल्या प्रती हाती येताच फ्लॅमस्टीड यांनी त्यांतील बराचसा भाग जाळून टाकला. थोर वैज्ञानिक अध्यक्ष झाला म्हणजे पदाचा वापर आपोआप वैज्ञानिक वृत्तीने होतो, हे गृहीतक या दोन प्रकरणांत टिकत नाही.

बँक्स : निवडणूक आहे, बदल नाही

जोसेफ बँक्स यांची कारकीर्द दुसऱ्या प्रकारची समस्या पुढे आणते. कॅप्टन कुक यांच्या १७६८ ते १७७१ या सफरीत सहभागी झालेले हे वनस्पतिशास्त्रज्ञ १७७८ मध्ये अध्यक्ष झाले आणि १८२० पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या पदावर राहिले. दरवर्षी निवडणूक होत होती. निकाल मात्र ठरलेला असे. युद्धकाळातही फ्रेंच वैज्ञानिकांशी संपर्क टिकवून ठेवणे, सफरींना साहाय्य मिळवून देणे, शासन आणि विज्ञान यांच्यात दुवा साधणे ही त्यांची कामगिरी मोठी होती.

१७८३-८४ मध्ये परराष्ट्र व्यवहार सचिव असलेले गणितज्ञ चार्ल्स हटन यांना पद सोडावे लागले, तेव्हा सॅम्युएल हॉर्स्ली यांच्या नेतृत्वाखाली गणितज्ञांनी अध्यक्षाविरुद्ध उघड बंड पुकारले. सदस्यत्वाच्या निवडीत अध्यक्ष आपली मर्जी चालवतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. बंड फसले. विशेष विषयांसाठी स्थापन होऊ पाहणाऱ्या नव्या संस्थांविषयीही बँक्स यांची दृष्टी संमिश्र राहिली. १७८८ मध्ये स्थापन झालेल्या लिनियन सोसायटीला त्यांनी पाठिंबा दिला, कारण तो त्यांचा स्वतःचा विषय होता. १८०७ च्या जिऑलॉजिकल सोसायटीने स्वतंत्रपणाचा आग्रह धरताच ते तिच्यातून बाहेर पडले. १८२० मध्ये अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी स्थापन झाली तेव्हा ड्यूक ऑफ सॉमरसेट यांनी तिचे अध्यक्षपद बँक्स यांच्या आग्रहावरून सोडले. ज्ञानाच्या शाखा विस्तारत असताना मूळ संस्थेचा अध्यक्ष त्या विस्ताराकडे संस्थेच्या प्रतिष्ठेवरील आक्रमण म्हणून पाहू लागला, असे येथे दिसते. दीर्घ कारकिर्दीत व्यक्ती आणि संस्था यांच्यातील अंतर नाहीसे होते आणि व्यक्तीच्या आवडीनिवडी संस्थेचे धोरण बनतात. वार्षिक निवडणूक हे त्यावरील पुरेसे औषध नाही, कारण पदावर असलेल्या व्यक्तीविरुद्ध उभे राहण्याची किंमत प्रत्येक वर्षागणिक वाढत जाते.

१८३० ची निवडणूक : मतदार कोण?

अध्यक्षाचा दर्जा अंतिमतः मतदारांच्या दर्जावर अवलंबून असतो, याचा दाखला १८३० च्या निवडणुकीत मिळतो. त्या काळी रॉयल सोसायटीच्या सदस्यांत विज्ञानाशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या उच्चकुलीन व धनिक मंडळींचे प्रमाण मोठे होते. त्याच वर्षी चार्ल्स बॅबेज यांनी इंग्लंडमधील विज्ञानाच्या ऱ्हासावर ग्रंथ लिहून सोसायटीच्या कारभारावर कठोर टीका केली. अशा वातावरणात खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल आणि राजा तिसरा जॉर्ज यांचे पुत्र ड्यूक ऑफ ससेक्स यांच्यात अध्यक्षपदासाठी लढत झाली. ड्यूक ११९ विरुद्ध १११ मतांनी विजयी झाले.

अवघ्या आठ मतांच्या फरकाचे परिणाम दुहेरी झाले. संस्थेच्या आत सुधारणेची चळवळ वाढली आणि १८४७ मध्ये नियमावली बदलून वर्षाला केवळ १५ नवे सदस्य, तेही प्रामुख्याने वैज्ञानिक गुणवत्तेवर, निवडण्याचा निर्णय झाला. वेगळा अध्यक्ष हवा असेल तर प्रथम मतदारसंघ बदलला पाहिजे, हे सुधारकांनी ओळखले होते. पुढील काही दशकांत अध्यक्षपद कार्यरत वैज्ञानिकांकडे आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पाच वर्षांची मुदत हा संकेत रूढ झाला. केल्व्हिन, लिस्टर आणि हगिन्स हे पाठोपाठचे तिन्ही अध्यक्ष प्रत्येकी पाच वर्षे पदावर होते. तरीही मतदारसंघाची सुधारणा अपुरीच होती. कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन या पहिल्या दोन स्त्रियांना सदस्यत्व मिळण्यास १९४५ साल उजाडावे लागले. ज्या वर्गाला मतदानाच्या खोलीतच प्रवेश नव्हता, त्या वर्गातून अध्यक्ष येण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

राजकीय निष्ठेच्या प्रश्नावरही याच काळात संकेत घडत गेला. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स हे १८८५ ते १८९० या काळात अध्यक्ष असताना १८८७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मतदारसंघातून हुजूर पक्षाचे संसद सदस्य झाले. त्यांच्या आधीचे अध्यक्ष थॉमस हेन्री हक्स्ली यांनी 'नेचर' मध्ये निनावी लेख लिहून हरकत घेतली. हक्स्ली यांना स्टोक्स यांच्या सचोटीविषयी शंका नव्हती. सोसायटीचा अध्यक्ष एका पक्षाच्या बाकावर बसला की संस्थेचे वैज्ञानिक मतही त्या पक्षाचे मत म्हणून वाचले जाईल, हे त्यांच्या हरकतीचे सार होते. अध्यक्षाने नागरिक म्हणून मत बाळगू नये असा याचा अर्थ नाही. पदाच्या विश्वासार्हतेवर इतर सदस्यांचाही हक्क असतो, इतकाच त्याचा अर्थ आहे.

फिरते अध्यक्षपद आणि त्याचा भारतातील अवतार

१८३० च्या असंतोषाचे दुसरे फलित संस्थेबाहेर दिसले. १८३१ मध्ये यॉर्क येथे ब्रिटिश असोसिएशनची स्थापना झाली. दरवर्षी वेगळे शहर, दरवर्षी वेगळा अध्यक्ष आणि सर्वसामान्य नागरिकांना खुले असलेले अधिवेशन, हे तिचे वैशिष्ट्य. येथील अध्यक्षाकडे कारभार फारसा नसे; त्याचे मुख्य कार्य अध्यक्षीय भाषणाचे. हे भाषण किती प्रभावी ठरू शकते याचे उदाहरण म्हणजे विल्यम क्रूक्स यांनी १८९८ मध्ये ब्रिस्टल येथे केलेले भाषण. गव्हाची वाढती मागणी आणि चिलीमधील नायट्रेटचे मर्यादित साठे यांचा हिशेब मांडून त्यांनी हवेतील नायट्रोजनचे स्थिरीकरण हे रसायनशास्त्रज्ञांपुढील निकडीचे काम ठरविले. पुढील दीड दशकात जर्मनीत अमोनियाच्या संश्लेषणाची औद्योगिक पद्धती उभी राहिली.

हाच नमुना समोर ठेवून भारतीय विज्ञान परिषदेची, म्हणजेच इंडियन सायन्स काँग्रेसची, उभारणी झाली. जे. एल. सायमनसेन आणि पी. एस. मॅकमहॉन या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तिचे पहिले अधिवेशन १५ ते १७ जानेवारी १९१४ या काळात कलकत्ता येथे भरले. अध्यक्ष होते सर आशुतोष मुखर्जी. १९२० च्या नागपूर अधिवेशनात प्रफुल्लचंद्र राय, १९२९ च्या मद्रास अधिवेशनात चंद्रशेखर व्यंकट रामन अध्यक्ष होते. १९३८ च्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनासाठी रदरफोर्ड यांची निवड झाली होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्याने जेम्स जीन्स यांनी अध्यक्षस्थान भूषविले.

भारतात या पदाने आणखी एक अर्थ धारण केला. १९४३ च्या अधिवेशनासाठी परिषदेने जवाहरलाल नेहरू यांची अध्यक्षपदी निवड केली होती. अधिवेशन भरले तेव्हा निर्वाचित अध्यक्ष अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते आणि भूशास्त्रज्ञ दा. नौ. वाडिया यांनी त्यांची जागा घेतली. जानेवारी १९४७ च्या दिल्ली अधिवेशनात नेहरू प्रत्यक्ष अध्यक्ष झाले. स्टोक्स यांच्याबद्दल हक्स्ली यांनी घेतलेली हरकत येथे लागू होते काय, असा प्रश्न विचारता येईल. पराधीन देशातील वैज्ञानिकांनी बंदिवान नेत्याची निवड करणे ही सत्तेपासून स्वतंत्र असल्याची घोषणा होती, हे मान्य करावे लागते. स्वातंत्र्यानंतर मात्र हेच नाते उलटे झाले. पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन हा अधिवेशनाचा केंद्रबिंदू बनला आणि निर्वाचित अध्यक्षाचे भाषण वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर गेले. १९७५ मध्ये असीमा चॅटर्जी या परिषदेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या ही घटना ऐतिहासिक होती. परंतु पदाचे आशयगत दुबळेपण तिने दूर झाले नाही, होणारही नव्हते.

मुंबई १९३४ : एक भाषण, दोन संस्था

अध्यक्षीय भाषणाने संस्था घडू शकतात, याचा भारतीय दाखला मुंबईशी निगडित आहे. १९३४ च्या मुंबई अधिवेशनाचे अध्यक्ष मेघनाद साहा यांनी आपल्या भाषणात अखिल भारतीय विज्ञान अकादमीची गरज मांडली आणि नद्यांच्या शास्त्रीय अभ्यासासाठी प्रयोगशाळेचीही मागणी केली. अकादमीच्या स्वरूपाविषयी एकमत झाले नाही. रामन यांनी त्याच वर्षी बंगळूर येथे इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापन केली, तर जानेवारी १९३५ मध्ये कलकत्ता येथे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया सुरू झाली. १९७० पासून ती इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी या नावाने ओळखली जाते.

या दोन संस्थांनी अध्यक्षपदाचे दोन भिन्न मार्ग स्वीकारले. कलकत्त्याच्या संस्थेत एल. एल. फर्मोर यांच्यानंतर दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, साहा अध्यक्ष झाले आणि पद फिरते राहिले. बंगळूरच्या अकादमीत रामन १९३४ पासून १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत, सलग ३६ वर्षे, अध्यक्ष होते. त्यांच्या अध्यक्षतेचे मोल मोठे आहे. अकादमीचे नियतकालिक त्यांनी स्थापनेपासून नियमितपणे चालविले, वार्षिक अधिवेशने देशाच्या विविध भागांत भरवली आणि शासकीय अंकुशापासून अकादमीचे स्वातंत्र्य जपले. नवजात संस्थेला अशा खंबीर व्यक्तीची गरज असते, हा युक्तिवाद निराधार नाही. तरीही बँक्स यांच्याविषयीचा निष्कर्ष रामन यांना लागू करावयाचा नाही, असे म्हणता येत नाही. ३६ वर्षांत वैज्ञानिकांची एक संपूर्ण पिढी अध्यक्ष बदलताना न पाहताच निवृत्त झाली. रामन यांच्यानंतर अकादमीत तीन वर्षांच्या मुदतीची पद्धत रूढ झाली आणि संस्था खचली नाही, उलट वाढली. संस्था व्यक्तीवाचून चालू शकते हे सिद्ध व्हायला ३६ वर्षे थांबावे लागले, ही या दीर्घ अध्यक्षतेवरील सर्वांत सौम्य, पण सर्वांत गंभीर टीका होय.

दुबळ्या अध्यक्षपदाची किंमत

अतिबलवान अध्यक्षाचा धोका रॉयल सोसायटीच्या इतिहासात दिसतो, तर दुबळ्या अध्यक्षपदाचा धोका भारतीय विज्ञान परिषदेच्या अलीकडच्या इतिहासात दिसतो. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२ व्या अधिवेशनात प्राचीन भारतात विमाने होती असे प्रतिपादन करणारा निबंध वाचला गेला. असे प्रतिपादन ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाच्या आधारे केले जाते, त्याची चिकित्सा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्येच केली होती. त्यात वर्णिलेली यंत्रे उडू शकणार नाहीत आणि ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ४१ वर्षांपूर्वीचे परीक्षण उपलब्ध असताना निबंध व्यासपीठावर पोहोचला. २०१९ च्या जालंधर अधिवेशनात कौरवांचा जन्म परीक्षानलिका तंत्राने झाल्याचे विधान एका कुलगुरूंनी केले, तेव्हाही परिषदेला भाषण झाल्यानंतर त्यापासून स्वतःला अलग करावे लागले. रॉयल सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष वेंकटरामन रामकृष्णन यांनी जानेवारी २०१६ मध्ये या अधिवेशनांची तुलना सर्कशीशी केली. बडोद्यात शिक्षण झालेल्या, या देशाशी नाते असलेल्या वैज्ञानिकाची ही टीका बोचरी होती, आणि अनेक भारतीय वैज्ञानिकांना ती रास्तही वाटली.

या घटनांत अध्यक्षाचे नेमके उत्तरदायित्व कोणते? एका वर्षासाठी निवडलेली व्यक्ती कार्यक्रमपत्रिका, यजमान विद्यापीठ, शासकीय अनुदान आणि निमंत्रितांची यादी या गोष्टी बहुतांशी ठरल्यानंतर पदावर येते. तिच्याकडे नकाराधिकार नसतो. असला तरी तो वापरण्याइतका वेळ नसतो. अपयशाची जबाबदारी निश्चित करू जाता ती कोणाच्याच नावे जमा होत नाही. नागपूर येथे जानेवारी २०२३ मध्ये १०८ वे अधिवेशन पार पडले. त्यानंतर केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने आर्थिक व्यवहारांविषयी आक्षेप घेऊन साहाय्य काढून घेतले, संघटनेने ते आक्षेप नाकारले आणि जानेवारी २०२४ चे नियोजित अधिवेशन भरू शकले नाही. महायुद्धाच्या काळातही चालू राहिलेल्या परंपरेत अशा रीतीने आणखी एकदा खंड पडला. आक्षेप खरे होते की खोटे, हा वेगळा विषय आहे. संस्थेच्या वतीने ठामपणे व विश्वासार्हतेने बोलू शकेल असे अध्यक्षपद घडविलेच गेले नव्हते, हे मात्र या प्रसंगात उघड झाले.

पद बलवान आणि मुदतबद्ध असले म्हणजे सर्व प्रश्न सुटतात, असेही नाही. २०१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झालेले उद्योजक एलॉन मस्क यांच्या वर्तनाच्या निषेधार्थ मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये सदस्यत्वाचा राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये हजारो वैज्ञानिकांनी खुल्या पत्रावर सह्या केल्या आणि मार्चमध्ये सदस्यांची बैठक झाली. सोसायटीने शिस्तभंगाची कारवाई केली नाही. सदस्याच्या मतस्वातंत्र्याचे रक्षण आणि विज्ञानाच्या मूल्यांचे रक्षण यांपैकी अध्यक्षाने कशाला प्राधान्य द्यावे, यावर तेथेही एकवाक्यता नव्हती. तथापि तेथील वाद नियमावलीच्या कलमांवर, सदस्यांच्या बैठकीत आणि लेखी स्वरूपात झाला. असमाधानी सदस्यालाही निर्णय कोणी व कशाच्या आधारे घेतला हे ठाऊक होते. पद्धत शाबूत राहिली की मतभेद संस्थेला तोडत नाहीत.

समारोप

वरील विवेचनावरून निर्वाचित अध्यक्षाच्या मूल्यमापनाचे काही निकष हाती येतात. ज्या वादात अध्यक्ष स्वतः पक्षकार आहे, त्यातून त्याने पूर्णपणे बाजूला झाले पाहिजे. त्याची थोरवी ही या नियमाला अपवाद करण्याचे कारण होऊ शकत नाही. मुदत लेखी व मर्यादित असावी, कारण केवळ फेरनिवडणुकीची तरतूद बदलाची हमी देत नाही. ती मुदत इतकी अल्पही नसावी की अध्यक्ष केवळ पाहुणा ठरेल. मावळते, विद्यमान आणि नियोजित अशा तीन अध्यक्षांनी एकत्र काम करण्याची व्यवस्था हा त्यावरील व्यवहार्य उपाय होय. मतदारसंघाची गुणवत्ता व व्यापकता यांकडे निवडणुकीइतकेच लक्ष द्यावे लागते. व्यासपीठावर येणाऱ्या निबंधांचे तज्ज्ञ-परीक्षण झाले आहे याची अंतिम जबाबदारी नियमावलीत अध्यक्षाच्या नावे नोंदलेली असावी, म्हणजे चूक झाल्यास उत्तर कोणी द्यावयाचे हे आधीच ठरलेले राहील.

महाविद्यालयीन अध्यापकांचा या प्रश्नाशी असलेला संबंध दूरचा नाही. विज्ञान परिषदेसारख्या संस्थांच्या सदस्यवर्गाचा तो महत्त्वाचा घटक आहे. विषयवार संघटना, विद्यापीठीय अभ्यासमंडळे आणि महाविद्यालयातील विज्ञान मंडळे यांचे अध्यक्ष त्याच्याच मताने निवडले जातात. ही मते अनेकदा ज्येष्ठतेला, परिचयाला किंवा बिनविरोधाच्या सोयीला दिली जातात. १८३० मध्ये ड्यूक ऑफ ससेक्स यांना मिळालेल्या ११९ मतांहून अशी मते फार वेगळी नसतात. उमेदवाराचे संशोधन किती मोठे आहे हे मतदाराने पाहावेच. परंतु त्याच्या हाती पद्धत सुरक्षित राहील काय, हे त्याने अधिक बारकाईने पाहावे. कोणाच्याही शब्दावर न विसंबण्याची शिकवण देणाऱ्या संस्थेत अध्यक्षाचा शब्दही तपासून घेण्याची सोय असणे, ही त्या अध्यक्षपदाची खरी प्रतिष्ठा होय.